दुधाच्या फाट्यापर्यंत

तोकोनाई, २ एप्रिल

ताई,

तुझ्याकडे चेरी फुलून गळूनही गेली असेल. आमच्या अंगणातलं बर्फ गेलं, गोठ्यामागे मात्र अजून गुडघाभर आहे. परवा राजहंसांचा थवा उत्तरेला गेला. आईने दारात उभं राहून त्यांना हात जोडले. तिची तब्येत छान आहे आणि कान तर तुझ्यामाझ्यापेक्षा तिखट आहेत. फोन तिच्या शेगडीशेजारी असतो, म्हणून हे पत्र.

आता कामाचं. नोव्हेंबरात मी मोटरसायकल पडवीत नेऊन ठेवली होती, गवताच्या पोत्यांखाली, तुला कळवलं होतं तशी. रविवारी बाहेर काढली. वरून बघायला अगदी ठीक आहे, पुसल्यावर तर नवी वाटते. पण किक मारून मारून माझी पोटरी सुजली, तिने ठसका म्हणून दिला नाही. मी घाई केली नाही. थोडा वेळ शेजारी बसलो, अमिदा बुद्धाचं नाव घेतलं, मग पुन्हा मारली. काही नाही.

तू दाजींच्या गॅरेजमध्ये इतकी वर्षं हात काळे केलेस, तुला कळेल म्हणून विचारतो. वीस तारखेला किनाऱ्यावरच्या देवळात वसंतातलं प्रवचन आहे. रेल्वे बंद झाल्यापासून मला तिकडे जाता आलेलं नाही. ते चुकवू नये असं फार वाटतं.

आणि एक. पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवरचा पिवळेपणा कशाने जातो?

तामोत्सु


कोची, ७ एप्रिल

तामोत्सु,

गाडीपुढे बसून देवाचं नाव घेणारा तूच. तिला पेट्रोल लागतं रे, पुण्य नाही.

हे पत्र मी गॅरेजात मोठ्याने वाचलं. तुझे दाजी म्हणाले, "मेहुणे किक मारताना डोळे मिटतात का ते विचार." मी म्हटलं, मिटतच असेल. नोव्हेंबरातलं पत्रही आठवलं आम्हाला. 'ताई, या गाडीचं पाणी कुठून उतरवायचं?' अरे, हवेवर थंड होणारं इंजिन ते, त्यात पाणीच नसतं. पण हसले तरी मला कळलं होतं. आपल्याकडे हिवाळ्यात रात्री नळ गोठू नयेत म्हणून त्यांतलं पाणी उतरवल्याशिवाय माणसाला झोप लागत नाही. लग्न होऊन इथे दक्षिणेत आले त्याला तीस वर्षं होतील. इथे नळ कधी गोठला नाही, कधी फुटला नाही, तरी निजायला जाताना माझा हात अजून भिंतीवर ती पाणी उतरवायची दांडी शोधतो. पहिल्या वर्षी सासूबाईंना विचारलं, "पाणी उतरवलंत का?" तर त्या म्हणाल्या, "कुणाच्या अंगातलं?"

असो. सांगते तसं कर. टाकीतलं जुनं पेट्रोल सगळं काढून टाक. पाच महिन्यांत ते विटलं असणार. वास घेऊन बघ, जुन्या रंगासारखा येईल. नवीन भर आणि टाकीखालचा कॉक उघड. त्याची दांडी खाली म्हणजे उघडा, आडवी म्हणजे बंद. प्लग काढून घासून शेगडीवर गरम कर. मग बाजूचं झाकण काढून एअर फिल्टर बघ. पोत्यांखाली ठेवलीस म्हणतोस, म्हणजे तू तिला झाकलं नाहीस, उंदराला घर बांधून दिलंस.

कॉलरला लिंबू आणि ऊन. पण प्रवचनाला जाणारा माणूस कॉलरची चौकशी का करतो? देवळात सगळे मान खाली घालून बसतात. आणि बस असते ना तिकडे? तिने का जात नाहीस?

फुसाए


तोकोनाई, १२ एप्रिल

ताई,

तू तिथे बसून पाहतेस की काय कोण जाणे. फिल्टरच्या डब्यात खरंच घर होतं. गवत, आईच्या जुन्या मोज्याची लोकर, आणि कोपऱ्यात नीट रचलेले लाल चवळीचे दाणे. आपल्याच स्वयंपाकघरातले. उंदीर निघून गेला होता. कुणाचं घर मोडताना बरं वाटत नाही, म्हणून दाणे उचलून पडवीच्या कोपऱ्यात ठेवले. आई म्हणाली, "चोराला शिदोरी दे आता."

मग जुनं पेट्रोल काढलं, नवीन भरलं, कॉक उघडला, प्लग गरम केला. संध्याकाळी चौथ्या किकला सुरू झाली. तो आवाज ऐकून माझ्या डोळ्यात पाणी आलं. धुरामुळेही असेल. फाटकापर्यंत जाऊन परत आलो. आई खिडकीतून बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध काढून झाल्यावर निघालो. सुरू झाली, छान पळाली आणि दुधाच्या फाट्यापाशी, जिथे आपण कॅन ठेवतो ना, तिथे भुक्‌ भुक्‌ करून बंद. मग कितीही किक मारा, दाद नाही. ढकलत घरी आणली. आई दारातच होती. "आलास का," एवढंच म्हणाली. जसं काही मी फाट्यापर्यंतच निघालो होतो.

पेट्रोल भरपूर आहे. कॉक मी उघडला होता. मग काय झालं असेल?

बसचं विचारलंस. बस ओनोदेरा चालवतो. मी कुठे चढलो, कुठे उतरलो, हातात काय होतं, हे संध्याकाळपर्यंत सहकारी दुकानात सगळ्यांना माहीत होतं. प्रवचनाला गेलो तर हरकत नाही, पण देवळाआधी जुन्या स्टेशनजवळ शिगेनोबाईंचं नूडल्सचं दुकान आहे. तिथे थांबून रस्सा प्यायची माझी पद्धत आहे. थंडीतून गेल्यावर तो रस्सा अंगात उतरतो. त्या सुक्या माशांचा काढतात, फार राखून, उकळू न देता. शिगेनोबाई म्हणतात, घाई केली की कडू होतो. ओनोदेरा याचाही काही अर्थ काढेल.

लिंबू लागू पडलं.

तामोत्सु


कोची, १६ एप्रिल

तामोत्सु,

ओनोदेरा काढेल तेव्हा काढेल, अर्थ मी आधीच काढलाय. एका पत्रात रस्सा दोनदा आणि बुद्ध एकदाही नाही. शिगेनोबाई कोण, वय काय, नवरा आहे की नाही, एवढं आधी कळव. गाडीचं नंतर बघू.

बरं, गाडीचंही सांगते, नाहीतर तू रुसशील. सुरू होते, थोडी पळते आणि मरते, म्हणजे तिला पेट्रोल पोचत नाही. कार्बोरेटरच्या वाटीत जेवढं असतं तेवढं पिते आणि उपाशी मरते. एक तर जुन्या पेट्रोलचा चीक जेटच्या बारीक भोकात अडकलाय, नाहीतर टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. झाकण सैल करून चालवून बघ. नाही चालली तर कार्बोरेटर खोल. आधी कॉक बंद कर, मग नळी काढ. वाटीचे स्क्रू सोड, जेट काढून उजेडात धर, आरपार दिसलं पाहिजे. गिटारची बारीक तार घाल, सुई नको. सुईने भोक मोठं होतं आणि मग गाडी तुझ्यासारखी होते, खाते खूप आणि हलत नाही.

दाजी विचारतात, शिगेनोबाई मासा कुठला घालतात?

फुसाए


तोकोनाई, २१ एप्रिल

ताई,

प्रवचन चुकलं.

झाकण सैल करून पाहिलं, काही उपयोग नाही. मग कार्बोरेटर खोलायला घेतला. पडवीत उजेड कमी, म्हणून हाताने चाचपून कॉक बंद केला आणि नळी काढली, तर पेट्रोलची धार लागली. पॅंट, बूट, सगळं भिजलं. दांडी उलटसुलट फिरवली तेव्हा कुठे थांबली. कॉकचा वॉशर गेलाय, दुसरं काय. बंद केला तरी वाहतो. गावातल्या दुकानदाराकडे मागवून ठेवलाय, यायला वेळ लागेल म्हणाला. जेट साफ केले, जोडून झाल्यावर नळीत पेट्रोल दिसेपर्यंत दांडी फिरवली. गाडी संध्याकाळी झकास चालली. सकाळी पुन्हा दुधाच्या फाट्यापर्यंत. त्यानंतर हेच चाललंय. संध्याकाळी खोलतो, जोडतो, चालते. सकाळी फाट्यावर मरते. संध्याकाळी जाऊन काय करणार, दूध काढायची वेळ, आणि दुकान दुपारीच बंद होतं. सकाळच्या थंडीचा काही संबंध असेल का? दूधगाडीचा माणूस आता मला बघितलं की टोपी काढतो.

तू विचारलंस ते लिहितो. शिगेनोबाई सत्तेचाळीसच्या आहेत. नवरा बोटीवर होता, तो गेल्याला बरीच वर्षं झाली. मुलं नाहीत. देवळाच्या स्वयंपाकात त्या असायच्या, मी भांडी उचलायचो, तशी ओळख. रेल्वे गेल्यापासून दुकानात कुणी येत नाही. मेच्या पहिल्या आठवड्यातल्या सुट्ट्या संपल्या की दुकान बंद करून त्या सेंदाईला बहिणीकडे कायमच्या जाणार आहेत. ऑक्टोबरात शेवटच्या गाडीने मी तिकडून निघालो तेव्हा म्हणालो होतो, बर्फ गेलं की मोटरसायकलने येईन, एक बोलायचं आहे. त्या म्हणाल्या, "बर्फ गेल्यावर येतो असं इथे सगळेच सांगून जातात." आणि काउंटर पुसायला लागल्या.

किनाऱ्यावरचं बर्फ आमच्याआधी जातं. म्हणजे त्यांनी एव्हाना धरून चाललं असेल की मीही त्या सगळ्यांतलाच.

बसने जाईन म्हटलं तर तेही जमत नाही. मोटरसायकलने येतो म्हटलं होतं. आपल्या शब्दातलं निम्मं घेऊन कसं जायचं? कधी वाटतं, रोज त्याच जागी थांबते म्हणजे मी जाऊ नये अशीच बुद्धाची इच्छा असेल. मग मान्य करावं.

मासा वाळवलेला बांगडा. दाजींना सांग.

तामोत्सु


कोची, २५ एप्रिल

तामोत्सु,

आधी बुद्धाची माफी माग. त्याचा यात काही हात नाही. हात दुसऱ्याच कुणाचा आहे.

तुझी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. दाजी म्हणाले वॉशर, मी म्हटलं नाही. वॉशर गेलेला कॉक थेंब थेंब गळतो, धार सोडत नाही. धार लागली, कारण तू कॉक बंद केलाच नाहीस. अंधारात पाव वळसा दिलास आणि उघडलास. तो आधीच बंद होता.

बारा तारखेच्या पत्रात तू काय लिहिलंस? 'कॉक मी उघडला होता.' होता. तो उघडा आहे, असं तू एकाही पत्रात लिहिलेलं नाहीस. उघडल्यावर परत बघितलास का कधी? तू कशाला बघशील. तू एकदा केलेल्या गोष्टीकडे परत बघत नाहीस आणि न केलेल्या गोष्टीकडे वर्षानुवर्षं बघत बसतोस.

संध्याकाळी उघडा असतो, सकाळी बंद. मग मध्ये कोण येऊन जातं? त्या घरात सगळ्यांच्या शेवटी कोण निजतं? आधी स्वयंपाकघर, मग न्हाणीघर, मग पडवीतला नळ, अशी फेरी मारून पाणी कोण उतरवतं? आईच ना. एप्रिल असला तरी रात्री गोठतंच, आणि तिची फेरी मे उजाडल्याशिवाय थांबत नाही. पडवीत तिच्या हाताला आणखी एक दांडी लागली. तिला वाटलं, तामोत्सुने नवीन तोटी बसवली आणि बंद करायला विसरला. बिचारी. तुझ्या गाडीचं पाणी रोज उतरवतेय.

तिला रागावू नकोस. लाजेल. हसत हसत सांग, किंवा दांडीला लाल चिंधी बांध. आणि निघताना खाली वाकून बघ. आपल्याच आईने बंद केलेल्या कॉकमुळे माझा भाऊ बिनबायकोचा राहिला, हे मी इथे शेजाऱ्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

एवढं होऊनही नाही चालली तर बसने जा. ओनोदेराला माझा नमस्कार सांग आणि गावभर सांगायला सांग. शिगेनोबाई गाडीची वाट बघत नाहीयेत रे.

फुसाए


तोकोनाई, ३० एप्रिल

ताई,

तुझं बरोबर निघालं. पत्र आलं तसा पडवीत गेलो, वाकून पाहिलं. दांडी आडवी.

आई चवळी निवडत होती. मी तिच्याजवळ बसलो आणि म्हटलं, "आई, गाडीच्या टाकीखाली एक दांडी आहे ना, ती नळाची नाही. त्यात पाणी नसतं." ती चवळीवरची मान वर न करता म्हणाली, "असं होय." मला फार वाईट वाटलं. एवढ्या मोठ्या माणसाला पोरासारखं समजावणं बरं दिसत नाही. मग न ठरवताच बाकीचंही बोलून गेलो. सकाळी कुठे जायचं असतं, कुणाकडे, काय विचारायला. ती दाणे निवडतच राहिली. शेवटी म्हणाली, "शर्ट मी इस्त्री करते. तू जाळशील."

काल सकाळी दांडी खालीच होती. फाटा ओलांडून किनाऱ्याकडच्या खिंडीच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो. तीन तारखेला निघतो. तुला सांगून ठेवतो, म्हणजे माघार घेता येणार नाही.

तामोत्सु


तोकोनाई, ४ मे

फुसाए,

आईचं पत्र बघून घाबरू नकोस, कुणी आजारी नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची, अक्षर तसं लावून घे.

तामोत्सु काल गेला आणि दूध काढायच्या वेळेला परत आला. तोंड धुतलेल्या बटाट्यासारखं झालं होतं. मी विचारलं नाही. त्याने आधी गायी उरकल्या, देवापुढे बसला, मग जेवताना सांगितलं. त्याचं सगळं उलट्या क्रमाने असतं. तुला तो सविस्तर लिहीलच, तोवर माझ्याकडून थोडक्यात ऐक. त्याने विचारलं. बाई हो म्हणाली नाही. म्हणाली, "एवढ्याशा अंतराला अख्खा एप्रिल घेणारा माणूस कसल्या घरात राहतो ते आधी बघते." आठ तारखेला येणार आहे. सेंदाईला बहिणीला कळवलंय की थोडं थांब. मला तर ही बाई ठीक वाटते.

आता तुझ्याशी बोलायचंय. तुम्ही दोघांनी ठरवलंत की म्हातारीला नळ आणि कॉक यातला फरक कळत नाही. तो माझ्याजवळ बसून इतक्या मायेने समजावत होता की हसू दाबताना चवळीत दोन खडे राहिले. अगं, शेगडीच्या रॉकेलच्या टाकीला काय असतं? अगदी तसाच कॉक. घरात रॉकेल आलं त्या वर्षापासून तो मीच उघडते आणि मीच बंद करते. आडवी म्हणजे बंद, हे मला गाडीकडून शिकायला नको.

खिंडीतलं सावलीचं वळण तुला आठवत असेल. दिवसा वितळतं, रात्री पुन्हा गोठतं, आणि सकाळी काचेसारखं होऊन बसतं. तुझे बाबा एप्रिलातच तिथे घोड्यासकट घसरले आणि मग जन्मभर लंगडले. तामोत्सुला सांगून काय उपयोग? तो म्हणाला असता, अमिदा बघून घेईल. म्हणून कॉक मी बघून घेतला. फाट्यापर्यंत रस्ता सपाट आहे. तिथवर गेला तर जाऊ दे म्हटलं. प्रवचनाला जातोय असंच मला माहीत होतं. एक प्रवचन चुकलं तर नरक मिळत नाही.

एवढंच असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं.

प्रवचन होऊन गेलं तरी तो सकाळी शर्ट घालून निघतच राहिला. तेव्हा मला कळलं, कुणी बाई आहे. आणि त्याच सुमारास पोस्टमन म्हणाला, खिंडीतलं बर्फ गेलं, आता रस्ता कोरडा आहे. त्यानंतरही मी रोज जाऊन दांडी आडवी करत होते. त्याला बर्फाचं कारण नाही. काय कारण होतं ते मलाही धड सांगता येत नाही. या घरात बाबा गेल्यापासून आम्ही दोघंच. सकाळी उठले की माझी कढई माझ्या खुंटीला असते, आणि तो काय खाणार ते मला न विचारता माहीत असतं. तू गेलीस तेव्हा मी स्टेशनवर हसत होते, आठवतं? तेव्हा तू तरुण होतीस आणि मीही. आता त्या वयात नाही.

तो चवळीपाशी येऊन बसला आणि सगळं बोलला, तेव्हा मात्र कॉक उघडला. त्याने महिनाभर तुला सांगितलं, मोटरसायकलला सांगितलं, देवाला तर रोजच सांगत असेल. मला आधी सांगितलं असतं तर मी ओनोदेराच्या बसमध्ये स्वतः नेऊन बसवला असता. असं मी आता म्हणते. तेव्हा काय केलं असतं कोण जाणे.

त्याला यातलं काही कळवू नकोस. आईने पाणी समजून बंद केलं, या गोष्टीवर तो इतका खूश आहे की काल दूधगाडीच्या माणसालाही सांगून हसला. हसू दे. तुम्हा दोघांपुढे मी अडाणी ठरले तर माझं काही जात नाही.

पण ती बाई आल्यावर विचारणार. तिने तेवढंच तर विचारलंय, एवढा उशीर का लागला. रात्रभर याचाच विचार केला. तामोत्सु तिला कॉक आणि नळाची गोष्ट सांगेल, ती हसेल, मीही हसेन, आणि मग पुढची सगळी वर्षं एकाच चुलीपाशी आम्ही दोघी त्या हसण्यावर बसून राहायचं. ते मला जमणार नाही.

म्हणून असं ठरवलंय. आठ तारखेला तामोत्सुला दूध द्यायला फाट्यावर पाठवीन. चहा ओतीन आणि तिला सांगेन, उशीर त्याने केला नाही, मी केला. पहिले दिवस बर्फाच्या भीतीने आणि नंतरचे दिवस तुझ्या. मग ती उठून गेली तर तामोत्सुला काय सांगायचं ते मला माहीत नाही, तूच काहीतरी सुचव. आणि बसून राहिली, तर कढई कुठल्या खुंटीला लावायची ते मी तिलाच विचारीन.

आई